तांबड्या शाईतले तीन शब्द

नातीच्या शाळेत निबंधाची स्पर्धा लागली तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच असेल. झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाइलचे दुष्परिणाम. नववीतल्या पोरींना आणखी काय देणार? पण ही घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आजी, इंग्लंडचा एक नाटककार आहे, चारशे वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर लिहायचंय."

नाव तिनं सांगितलं. मी इथं लिहीत नाही, कारण माझ्या जिभेवर ते कधी धड बसलंच नाही, आणि एवढ्या मोठ्या माणसाचं नाव वेडंवाकडं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. तुम्हाला कळलंच असेल. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की त्याचा बाप हातमोजे शिवायचा. म्हणून आमच्या घरात त्याचं नाव 'मोजेवाल्याचा मुलगा' असंच पडलं. सूनबाईसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडायची, "झाला का गं मोजेवाल्याचा अभ्यास? मग आता गणित काढ."

विषय नुसता चरित्राचा नव्हता. हा मुलगा गावच्या शाळेत शिकला, कॉलेजात कधी गेला नाही. मग राजे, दरबार, परदेश, कोर्टकचेऱ्या असलं सगळं ज्यात आहे ती नाटकं त्यानं लिहिली कशी? काही शिकले-सवरलेले लोक म्हणतात, त्यानं लिहिलीच नाहीत, कुणा सरदारानं लिहिली आणि नाव ह्याचं लावलं. तर तुम्हाला काय वाटतं ते कारणं देऊन लिहा, मराठीत किंवा इंग्रजीत. वसईच्या एका वाचनालयानं तालुक्यातल्या शाळांसाठी ही स्पर्धा ठेवली होती, आणि प्रत्येक शाळेनं एकच निबंध पाठवायचा होता.

मला ऐकूनच राग आला. म्हटलं, "शिकला नाही म्हणून त्याचं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर करता काय? हे काय बोलणं झालं!"

"आजी, तू का भडकतेस? तुझ्यावर नाहीये निबंध."

तेही खरंच म्हणा. मी सातवी. त्यापुढचं जे काय वाचलं ते लग्नानंतर, मिळेल तिथून मिळेल तसं.

तीन-चार दिवस तिचं मोबाइलवर आणि शाळेतल्या पुस्तकांत शोधणं चाललं होतं. एका दुपारी मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. ती शेजारी येऊन म्हणाली, "आजी, ऐक ना. तेव्हा ॲक्टर लोकांना पूर्ण नाटक द्यायचेच नाहीत. प्रत्येकाला फक्त स्वतःचे डायलॉग, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते ऐकले की आपण सुरू करायचं. वीअर्ड ना?"

"त्यात वीअर्ड काय? आम्हीपण तसंच करायचो."

तिनं मोबाइल खाली ठेवला. ती मोबाइल खाली ठेवते ही आमच्या घरात मोठीच गोष्ट.

"आम्ही म्हणजे कोण?"

मग मी तिला सांगितलं. आता तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही आता विरारला चंदनसारला राहतो, मुलाच्या फ्लॅटमध्ये. पण माझं सासर आगाशीच्या पुढं, अर्नाळ्याच्या अलीकडं. आमची वाडी होती, केळी, पानवेली आणि मोगरा. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तिथं आले. गावात जत्रेला दर वर्षी नाटक व्हायचं. गावच्या शाळेतले मास्तर स्वतः लिहायचे आणि गावातलेच पुरुष काम करायचे, बायकांची कामंसुद्धा पुरुषच करायचे. रात्रीचा खेळ सगळ्यांना, पण घरच्या लेकी-सुनांना रात्री निघता यायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी खास बायकांसाठी खेळ ठेवायचे. केळीच्या वाडीला लागून मांडव घालायचे आणि उजेड आत येऊ नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्र्या लावायचे.

मास्तरांची वही एकच. झेरॉक्स कुठली असणार गावात तेव्हा? आठ नट असले तर आठ जणांना ती वही कशी पुरणार? म्हणून प्रत्येकाचं काम वेगळं उतरवून द्यायचं. त्या कागदांना नकला म्हणतात. आता ह्या नकला उतरवायच्या कुणी? पुरुषांची अक्षरं अशी की लिहिलेलं त्यांचं त्यांना वाचता येऊ नये. सासूबाईंनी मास्तरांना सांगितलं, "आमच्या नव्या सुनेचं अक्षर बरं आहे." झालं. त्या वर्षापासून ते काम माझं. सकाळी मोगरा खुडायचा, दुपारी जेवणं आटपली की ओटीवर बसून नकला. ज्याचं काम त्याची वाक्यं काळ्या शाईत. त्याच्या आधी बोलणाऱ्याचे शेवटचे शब्द तांबड्या शाईत. तांबडं ऐकायचं, काळं बोलायचं. इतकं सोपं.

त्यात एक जण होता अर्नाळ्याचा, होडीवरचा माणूस. आवाज असा की ताडपत्री हलायची. पण त्याला अक्षरओळख नव्हती. त्याला नक्कल देऊन उपयोग नाही, म्हणून त्याचं काम मी त्याला तोंडानं सांगायचे. मी एक ओळ म्हणायची, त्यानं मागून म्हणायची. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या. त्या वर्षी त्याला बापाचं काम होतं. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला दारातूनच हाकलतो, असा प्रसंग. बापाला चाळीस ओळींचं एकच बोलणं. ते मी इतक्या वेळा म्हटलं की आजही कुकरची शिट्टी होईपर्यंत अख्खं म्हणून दाखवीन.

रात्रीचा खेळ छान झाला. पण बायकांच्या खेळाच्या दिवशी सकाळी मुलाचं काम करणारा तापानं फणफणला. त्याची नक्कलही त्यानं कुठंतरी हरवलेली. मग माझ्या धाकट्या दिराला उभा केला. भावजी तेव्हा अठराचे. ते पहाटे फुलं घेऊन दादरला जायचे, त्यामुळे संध्याकाळी लवकर झोपायचे. त्यांनी ना तालीम बघितलेली ना रात्रीचा खेळ. मास्तर म्हणाले, "पोरी, ह्याची नक्कल दोन तासांत हवी." घरात कागद नव्हता. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, होऊन गेलेले महिने फाडले आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. जागा वाचवायला पाहिजे होती. इतर वेळी मी आधीच्याची शेवटची अख्खी ओळ लिहायचे, त्या दिवशी तीनच शब्द लिहिले. 'घरातून चालता हो.' हे ऐकलं की मुलानं म्हणायचं, "जातो मी, बाबा," आणि निघून जायचं.

चूक माझ्या ध्यानात आली नाही. बापाच्या त्या चाळीस ओळींत हे तीन शब्द दोनदा आहेत. एकदा सुरुवातीला रागात, आणि एकदा अगदी शेवटी. मधे बाप मऊ पडतो, तुझी आई रोज तुझं ताट वाढते वगैरे सांगतो.

खेळ सुरू झाला. मी पुढं बायकांत बसलेली. बाप गरजला, "माझ्या घरातून चालता हो!" आणि आमच्या भावजींनी लगेच म्हटलं, "जातो मी, बाबा," आणि वळले. मुलगा गेला तर बाप उरलेलं बोलणार कुणाशी? तेवढ्यात त्या अर्नाळ्याच्या माणसानं दोन पावलांत पुढं येऊन भावजींचा दंड पकडला. भावजी तोंड फिरवून उभे, आणि बाप त्यांच्या पाठीला सगळं बोलतो आहे. आईचं, ताटाचं, सगळं. तोंडानं जा म्हणतो आहे आणि हातानं धरून ठेवलं आहे. शेवटी दुसऱ्यांदा "घरातून चालता हो" आलं आणि त्यानं एकेक बोट उचलून दंड सोडला. माझ्या सासूबाई, ज्या कधी कुणापुढं रडल्या नाहीत, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पडदा पडल्यावर मास्तर आत आले. "नक्कल कुणी उतरवली?" मी भिंतीला चिकटलेली. मग त्यांनी त्या नटाला विचारलं, हात का धरलास, असं कुठं लिहिलं आहे? तो म्हणाला, "मास्तर, बाप हाय मी. तोंडानं जा म्हनला म्हनून हात कसा सोडनार?" मास्तरांनी वही उघडली आणि त्यात लिहून टाकलं, बापानं हात धरायचा. पुढं ते नाटक जेवढ्या वेळा झालं तेवढ्या वेळा तसंच झालं.

एवढं सांगून मी परत शेंगा सोलायला घेतल्या. नातीनं मोबाइल परत घेतलाच नाही.

दोन दिवसांनी तिनं निबंध वाचून दाखवला. लिहिला होता इंग्रजीत, मला मराठीत सांगत गेली. ह्या पोरीनं काय केलं होतं ठाऊक आहे? शाळेतून त्या मोजेवाल्याच्या मुलाचं एक नाटक आणलं आणि त्याच्या नकला उतरवल्या. एकेका पात्राच्या वेगळ्या, माझ्यासारख्या, काळ्या आणि तांबड्या पेनानं. आणि त्यात तिला दोन जागा अशा सापडल्या की तेच तांबडे शब्द एकाच बोलण्यात दोनदा येतात. म्हणजे समोरचा नट आधीच मधे घुसणार, आणि बोलणाऱ्याला त्याला थांबवावं लागणार. दोन्ही जागी भांडणच चाललेलं.

"आजी, तुझ्याकडून ते चुकून झालं. त्यानं मुद्दाम केलं असणार. वाड्यात बसून लिहिणाऱ्या सरदाराला हे कसं माहीत असेल? ज्यानं स्वतः कागद हातात धरून विंगेत वाट बघितलीये ना, त्यालाच हे सुचेल. तो कॉलेजात नाही शिकला, तो नाटकात शिकला."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "बाय, चहा पितेस?"

पण दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती तोंड पाडून. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी निबंध वाचला, आवडला, शाळेतर्फे हाच पाठवायचा असंही ठरवलं. फक्त माझा जो परिच्छेद होता, कॅलेंडरचा आणि भावजींचा, त्याला पेन्सिलीनं चौकट करून दिली होती. हा काढ. शनिवारपर्यंत दुरुस्त करून दे, नाहीतर दुसऱ्या मुलीचा निबंध तयार आहे, तो जाईल.

"मिस म्हणाल्या, सोर्स काय? मी म्हटलं, माझी आजी. मिस म्हणाल्या, आजी चालणार नाही, पुस्तक हवं."

मी तिला समजावलं. "मग काढ ना. त्या काय खोटं सांगतात? तिकडं कॉलेजातले परीक्षक. त्यांच्यापुढं माझं काय घेऊन बसलीस? माझ्यापायी तुझा निबंध मागं राहायला नको."

तशी ती अशी माझ्याकडं वळली! "म्हणजे तू पण तेच म्हणतेस? तो शिकलेला नव्हता म्हणून त्याला काही येत नव्हतं, असं म्हणणाऱ्यांवर पहिल्या दिवशी भडकली कोण? आणि आता स्वतःवर आलं तर म्हणे काढ! मग माझा अख्खा निबंध खोटा आहे, आजी. मी नाही पाठवत."

आणि गेली खोलीत. सूनबाई माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. ती हळूच म्हणाली, "आई, बोलली उद्धट, पण चूक नाही बोलली."

खरंच चूक नव्हती. इतकी वर्षं मला कुणी शिक्षण विचारलं की मी "काही नाही हो, सातवी" असंच म्हणत आले. कुणी शिकवलं नव्हतं मला ते 'काही नाही' जोडायला, माझं मीच जोडायचे.

मी भावजींना फोन लावला. ते गावातच असतात. म्हटलं, "भावजी, ती कॅलेंडरवरची नक्कल आहे का हो अजून?"

"म्हणजे काय! ट्रंकेत आहे. माझं पहिलं काम ते. का वहिनी? आता काय काम देताय? म्हाताऱ्याचं चालेल. मेकअप लागणार नाही."

"मुलाचंच द्यायचंय."

"ह्या गुडघ्यांनी?"

शुक्रवारी ते रिक्षा करून शाळेच्या फाटकाशी हजर. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. मी आदल्या रात्री जेवणाआधी बसून बापाचं काम लिहून काढलं होतं, पाठ होतंच. मधल्या सुट्टीत नात आम्हाला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली.

बाई चाळिशीच्या, आचोळ्याहून येतात, मूळच्या कोकणातल्या. स्वभावानं वाईट नाहीत. मला खुर्ची दिली आणि सरळ म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. मुलगी हुशार आहे, म्हणूनच सांगितलं. 'आजी म्हणाली' असं वाचलं की परीक्षक निबंध बाजूला ठेवतील. आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. म्हणून आठवण नाही सांगत. तुम्ही एवढं वाचता का? मोठ्यानं. तुम्ही बाप, हे मुलगा."

"मी? बाप?" कोपऱ्यात पीटीचे सर चहा पीत होते, ते हसले. बाईंनी कागद घेतला. भावजी दाराशी उभे राहिले, चष्मा घरी विसरलेले, पण कॅलेंडरचा तुकडा हातात आब राखून धरलेला.

बाईंनी हजेरी घ्यावी तसं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत आलं, "माझ्या घरातून चालता हो." भावजी म्हणाले, "जातो मी, बाबा." वळले आणि चालू लागले, गुडघा धरत. बाईंनी कागदाकडं बघितलं. अजून केवढं तरी बाकी. त्या उठल्याच. "अहो, थांबा, माझं अजून..." आणि भावजींच्या शर्टाची बाही त्यांच्या मुठीत. भावजी काही मागं वळले नाहीत. मग बाईंनी दुसऱ्या हातात कागद धरून पुढचं वाचलं, आईचं, ताटाचं. पण हजेरीचा तो आवाज आता राहिला नव्हता. दुसऱ्यांदा "चालता हो" आलं तेव्हा त्यांची मूठ आपोआप सुटली.

पीटीच्या सरांनी कप खाली ठेवला होता. बाई उभ्याच.

"मी का उठले?" त्यांनी आम्हाला नाही, नातीला विचारलं.

ती म्हणाली, "मिस, तुमचं बोलायचं राहिलं होतं, आणि ते निघाले होते."

घंटा झाली. बाईंनी निबंध मागितला, खोडरबर काढलं आणि पेन्सिलीची ती चौकट स्वतःच्या हातानं पुसली. "ठेव हा. आणि आत्ता झालं तेही खाली दोन ओळींत लिही. माझं नाव घातलंस तरी चालेल." मग भावजींना म्हणाल्या, "बाही चुरगळली तुमची." भावजी म्हणतात कसे, "राहू द्या हो, त्या वेळी तर दंडावर वळ उठला होता."

निबंध गेला. दुसरा नंबर आला. पहिला आला नालासोपाऱ्याच्या एका मुलाचा, बक्षिसाच्या कार्यक्रमात त्यानं वाचून दाखवला तेव्हा मलाही पटलं, चांगलाच होता. परीक्षकांतल्या एका वयस्क सरांनी बक्षीस देताना नातीला विचारलं, आजी आल्या आहेत का. तिनं बोट दाखवलं. ते खाली माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "एक शंका आहे. आधीची अख्खी ओळ लिहिली असती तर घोळच झाला नसता. तीनच शब्द का लिहिलेत?"

"कागद नव्हता, सर," मी म्हटलं.

ते हसले, मग म्हणाले, "त्याच्याकडंही नसायचा. महाग होता तेव्हा." आणि नमस्कार करून गेले. त्या वेळी मला वाटलं, हा मोजेवाल्याचा मुलगा आपल्या ओटीवर येऊन बसला असता तर आमचं बरं जमलं असतं.

आता कुणी शिक्षण विचारलं तर मी सातवी म्हणते आणि तिथंच थांबते. कुणी आणखी विचारलंच तर सांगते, नकला उतरवायचे.

प्रमाणपत्र मुलानं भिंतीवर लावलं आहे. मी मात्र निबंधाची प्रत मागून घेतली. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण दुसऱ्या पानावर वरून तिसरा परिच्छेद कुठं सुरू होतो ते मला बरोबर ठाऊक आहे. दुपारी सूनबाई जरा मोकळी दिसली की मी ते पान तिच्यापुढं धरते.

"आई, कालच वाचला की."

"काल घाईत वाचलास. नीट वाच."